न पाझरणारी मडकी

परळी वैजनाथ
३० मार्च १९९८

ती. शिवलिंगमामांना रुद्राणीचे शरणार्थ.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. येत्या मे महिन्यात माझ्या लग्नाला सहा वर्षं होतील आणि इतक्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. का लिहिली नाही, ते तुम्हाला माहीत आहे. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. माझा सख्खा मामा धारूरहून परळीला आला नाही, त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाठवून दिलं. आई जाईपर्यंत तुमची बाजू घेत होती, "त्याला ऊन सोसत नाही गं." मी म्हणायचे, ऊन काय त्या एकट्यालाच लागतं का! असो. ते उकरून काढायला बसले नाही मी. आई नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे.

आमचं कापडाचं दुकान खाली आणि दोन खोल्या वर. चार वर्षांमागं ह्यांनी जुनं माळवद पाडून स्लॅब टाकला. गल्लीतला पहिला स्लॅब, केवढं कौतुक झालं! आता मार्चातच वरच्या खोलीत भाकरीचा तवा ठेवल्यासारखं होतं. खाली दुकानात छतापर्यंत माल आणि पुढं पत्र्याचं शटर, तिथं मोठ्या माणसाचा जीव गुदमरतो. कूलर आणला असता, पण लाईट दुपारी जाते ती चारला येते आणि नळ चौथ्या दिवशी.

माझा मनू, म्हणजे मन्मथ, चार वर्षांचा आहे. मागच्या वैशाखात त्याला ताप चढून झटके आले, आम्ही आशा सोडली होती. ह्या महिन्यात अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट तपासलं. म्हणाल्या, "ह्याच्या अंगाला घाम येत नाही, कारण घाम तयार करणाऱ्या गाठीच नाहीत. जन्मतःच. औषध नाही. एकच करा, ह्याला तापू देऊ नका." बाकी काय काय म्हणाल्या ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

बेंगळूरला माझी थोरली जाऊ कावेरीवहिनी असते. तिथं हवा थंड. तिला मूलबाळ नाही, मनूवर तिचा जीव आहे, वाईट बाई नाही ती. सतरा मेला ते दोघं येताहेत. सासूबाईंनी त्यांना शब्द दिलाय, की तोवर मनूला एकदा जरी तसा ताप आला, तर त्याला तिकडं द्यायचं. कायमचं. ह्यांनीही मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही.

लहानपणी सुट्टीत तुमच्याकडं यायचो तेव्हा तुमच्या वरच्या खोलीत भर दुपारी पांघरूण घ्यावंसं वाटायचं. ती पत्र्याची खोली इतकी गार कशी राहायची, मामा? तेवढं लिहा. खर्च झेपेल असं सांगा.

रुद्राणी


धारूर
५ एप्रिल ९८

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

आधी मला दोन गोष्टी कळव. लेकराला दात किती आले अन् कसे आले? डोक्याचे केस दाट हायेत का विरळ? कावून विचारतोय ते नंतर बघू.

आता खोलीचं. तू कॉलेजात गेलतीस, मग सांग बरं, दुपारी खिडक्या उघड्या ठेवतीस का न्हाई? ठेवतच असशील. हवा येऊ दे म्हणून. अगं, बाहेरची ती हवा हाय का चुलीची धग? सकाळी आठला सगळ्या खिडक्या लावायच्या, दिवस मावळल्यावर उघडायच्या. सकाळचा गारवा पैशाच्या पिशवीसारखा आत बांधून ठेवायचा. ह्याला छदाम लागत न्हाई, पण बायकांना अन् शेजाऱ्यांना पटत न्हाई.

दुसरं, तुमचा स्लॅब. माळवदावर दीड हात माती असती. ऊन त्या मातीतच दमून जातं, खाली पोचायच्या आत संध्याकाळ होती. तुमचा स्लॅब चार बोटांचा. दिवसभर ऊन पितो अन् दिवस मावळला की तुमच्या अंगावर ओततो. पहिला स्लॅब म्हणून पेढे वाटले म्हणं. बरं केलं.

गच्चीला चुन्याचे तीन हात दे. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंकाचं पाणी टाक म्हणजे उडत न्हाई. पश्चिमेच्या खिडकीला पोत्याचा पडदा लाव अन् तो ओला ठेव. पाणी कमी हाय तर वर एक मडकं टांग, बुडाला बारीक भोक पाड, त्यात सुताची वात घाल. थेंब थेंब गळतं, दिवसाला एक घागर पुरती.

बंकट कंडक्टरच्या हाती थर्मामीटर धाडतोय. हवेचा हाय, तापाचा न्हाई, लेकराच्या काखेत घालू नको. एका इंजिनियर साहेबानं घड्याळ दुरुस्त केल्याबद्दल खूश होऊन दिलता. आता सेलची घड्याळं आली, चावीच्या घड्याळाला कुत्रं विचारत न्हाई, पण हे यंत्र अजून खरं बोलतं. रोज दुपारी तीनला बघ अन् लिहून ठेव. अंदाजपंचे काही करायचं न्हाई.

शिवलिंग


परळी
१५ एप्रिल १९९८

ती. मामांना शरणार्थ.

थर्मामीटर धडधाकट पोचला. बंकटभाऊंनी तो बाळंतिणीसारखा कापसात गुंडाळून आणला आणि चहाला थांबले, तुमच्याबद्दल काही काही सांगत बसले. म्हणे उन्हाळ्यात तुम्ही दहा ते पाच दुकान बंद ठेवता, गिऱ्हाईक दारात आलं तरी वरूनच ओरडता, "संध्याकाळी या!" खरं का?

पहिल्या दिवशी खोलीत तीन वाजता एक्केचाळीस होतं. बाहेर त्रेचाळीस. मी आकडा बघून खालीच बसले. माणूस आतमध्ये असूनही उन्हातच होता की!

चुना दिला. ह्यांनी स्वतः हात लावला. पण काय झालं ऐका. शेजारच्या रतनबाई दरवर्षी आमच्या गच्चीवर कुरडया घालतात, स्लॅब झाल्यापासून अर्ध्या गल्लीच्या कुरडया इथंच वाळतात. त्यांनी मला न विचारता चुना पुरता वाळायच्या आतच चार किलो कुरडया घातल्या. सगळ्यांना खालून चुना चिकटला! त्या कुरडया घेऊन जिन्यात उभ्या राहून त्यांनी माझा असा उद्धार केला, की मनू टाळ्या वाजवायला लागला. शेवटी माझ्या वाट्याच्या कुरडया त्यांना दिल्या तेव्हा मिटलं.

आता तीन वाजता अडतीस असतं. मामा, नुसत्या चुन्यानं तीन अंश! मी तीन दिवस रोज खालीवर जाऊन बघत होते, थर्मामीटर बिघडला की काय म्हणून.

मनूला चारच दात आहेत, सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ, पिंगट, नुकत्या निघालेल्या जावळासारखे. मी तर पत्रात हे लिहिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीही तपासताना आधी हेच पाहिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

रुद्राणी


धारूर
२० एप्रिल ९८

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

अडतीस वाचून बरं वाटलं. अजून चार-पाच उतरलं पाहिजे.

दाताचं मी अंदाजानं विचारलं. बंकटचं तोंड लई चालतं, त्याचं कानावर घेऊ नको.

आता खरं काम ऐक. माझी वरची खोली पत्र्याची असून गार कावून? तू लहानपणी छपरावर चढली असतीस तर दिसलं असतं. त्या पत्र्यावर दोनशे मडकी पालथी घातलेली हायेत. बत्तीस वर्षं झाली. लोक मला येडा म्हणतात.

पालथ्या मडक्यात हवा कोंडून बसती. कोंडलेली हवा ऊन खाली जाऊ देत न्हाई, गोधडीत कापूस जे करतो तेच. मडकी एकमेकाला खेटून लावायची, मधल्या फटीत पांढरी माती भरायची, वरून चुना. ओझं फार न्हाई, तुमच्या स्लॅबला सोसंल. पाणी टाकायचं न्हाई, लाईट लागत न्हाई, एकदा केलं की विसरून जायचं.

मडकी इकत घेऊ नको. येत्या एकोणतीसला आखिती हाय, त्याच दिवशी आपली बसवजयंती. घरोघर नवी घागर येती अन् जुनी उकिरड्यावर जाती. वर्षभर वापरून तिची छिद्रं बुजलेली असतात, ती पाझरत न्हाई, मग पाणी गार करत न्हाई. आपल्याला तसलीच पाहिजेत. गल्लीत आधीच सांगून ठेव. तीनशे-साडेतीनशे लागतील.

लेकराला सकाळी नऊनंतर जिना उतरू देऊ नको. अन् त्याला आळशी, मठ्ठ, रडका असं कुणी म्हणायलं तर त्याला माझ्याकडं धाड.

शिवलिंग


परळी
३ मे १९९८

मामांना.

मडकी नाहीत. एकही नाही.

सासूबाईंनी ऐकलं आणि दारात आडव्या झाल्या. "जित्या माणसाच्या डोक्यावर पालथं मडकं? मेल्याच्या घरी मडकं पालथं घालतात. माझ्या डोळ्यांदेखत न्हाई व्हायचं." आखितीला सगळ्या गल्लीनं नव्या घागरी आणल्या, जुन्या सगळ्या चौकातल्या उकिरड्याजवळ रचून पडल्या आहेत. मी खिडकीतून बघते. त्या मला दिसतात आणि मला हात लावता येत नाही.

मग मी ठरवलं, तुम्ही सांगितलेलं दुसरं तरी मन लावून करावं. तिन्ही खिडक्यांना पोत्याचे पडदे लावले, तिन्ही ओले ठेवले, दार लावून घेतलं. एक तारखेला दुपारी बघते तर भिंतींना ओल, अंथरूण दमट, आणि मनू शेगडीसारखा तापलेला. एकशे चार. डोळे फिरवायला लागला होता. ह्यांनी त्याला तसंच उचललं आणि खाली हौदातल्या तळाच्या पाण्यात घातलं. उतरला. झटके आले नाहीत, एवढीच शंभूची कृपा.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी एसटीडीवरून बेंगळूरला फोन लावला. सतरा तारखेला ते नुसते भेटायला येत नाहीत, न्यायला येताहेत. मनूचं अर्धं तिकीटसुद्धा काढलंय.

तुम्ही लग्नाला आला नाहीत, आणि आताही तुम्ही नुसते कागदावर आहात. कागदावरून सांगता, अमुक कर, तमुक कर, आणि मी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर देत नाही. तुम्हाला दातांचं कसं कळलं? मला खरं काय ते सांगा, नाहीतर लिहू नका.

रुद्राणी


धारूर
६ मे ९८

चि. रुद्राणीस.

चूक माझी हाय. ओल्या पोत्याला हवेची वाट पाहिजे. एका खिडकीला ओलं पोतं अन् समोरचा वरचा झरोका उघडा, तेव्हा हवा आत येते, गार होते, बाहेर जाते. सगळं बंद करून ओल केली की खोलीचा वाफेचा डबा होतो. हे मला इतकं ठाऊक हाय की लिहायचं सुचलंच न्हाई. तुझ्या लेकराच्या जिवावर बेतलं ते माझ्यामुळं. दोन दिवस जेवण गेलं न्हाई.

आता विचारलंस त्याचं. हे पत्र तुझ्या सासूबाईला वाचून दाखव, सगळं.

माझ्या तोंडात सहा दात होते, सगळे सुळे. तुमी मला लहानपणी बोळका मामा म्हणायचा, मी हसायचो. माझ्या डोक्यावरची टोपी तू कधी निघालेली बघितलीस का? खाली काही न्हाई म्हणून ती निघत न्हाई. अन् मला जन्मापासून घामाचा थेंब आलेला न्हाई.

मला वाटायचं तो माझा आळस हाय. वडील तसंच म्हणायचे. शेतात नेलं की मी तासाभरात मटकन बसायचो, विहिरीत उतरून बसायचो, अन् ते मला पायतानानं मारत वर काढायचे. नऊ वर्षांचा असताना वैशाखात दोन दिवस बेशुद्ध होतो. त्यानंतर तुझ्या आईनं मला वाचवलं. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. ती तिची जुनी चोळी ओली करून माझ्या सदऱ्याच्या आत घालायची अन् कुणाला सांगायची न्हाई.

तेव्हापासून माझ्या अंगावर उन्हाळाभर सदऱ्याआत ओली बंडी असती. वाळली की भिजवायची. बाहेर वारं लागलं की अंग असं गार पडतं, की काय सांगू! शाळेत पोरांना कळलं तर म्हणायची, आलं बघा पाण्यातलं म्हसरू. म्हणून मी हे पन्नास वर्षं कुणाला बोललो न्हाई. तुलाही आधी छत, चुना, पडदा असलंच सांगत बसलो अन् हे दडवलं. शरम वाटली, दुसरं काय.

रुद्रे, तुझ्या घरातल्या चिनीमातीच्या बरणीकडं बघ. तिच्यात पाणी ठेवलं तर गार होतं का? न्हाई. ती पाझरत न्हाई. पण बरणीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेव. होतं गार. माठाचा घाम आतून येतो, आपण बरणीला तो बाहेरून द्यायचा. मनूला पातळ सुती बंडी शिव, ओली करून घाल, अन् दर अर्ध्या तासाला भिजव. एवढं कर अन् मला कळव.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी घड्याळ उघडून बसलतो. डॉक्टरीणबाईचं वाक्य वाचलं, घाम तयार करणाऱ्या गाठीच न्हाईत, जन्मतःच. मी उठून दार लावून घेतलं अन् रडलो. म्हंजे मी आळशी नव्हतो! हे वडलांना सांगायला पाहिजे होतं, पण ते जाऊन चाळीस वर्षं झाली. जगात माझ्यासारखा दुसरा कुणी हाय हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, अन् तो चार वर्षांचा हाय.

तुझ्या सासूबाईला सांग, मी बत्तीस वर्षं पालथ्या मडक्यांखाली राहतोय. अजून मेलो न्हाई.

शिवलिंग


परळी
१३ मे १९९८

ती. मामा, तुम्हाला साष्टांग शरणार्थ.

कुठून सुरू करू?

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. अर्धं मी वाचलं, पुढचं ह्यांनी वाचलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अठ्ठावन्न म्हणाला का त्यो?" ह्यांनी परत वाचलं. "हो, अठ्ठावन्न." त्या उठून देवघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी जिन्यात बघते तर सासूबाई पदर खोचून उभ्या, काखेत एक जुनं मडकं. मला म्हणाल्या, "बघायलीस काय? चल." गच्चीवर त्यांनी त्या मडक्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि आपल्या हातानं ते पालथं घातलं. मग खाली उतरून घरोघर गेल्या. कुणाचं मडकं उकिरड्यावर होतं, कुणाचं परसात, कुणी त्यात झाड लावलेलं. प्रत्येक उंबऱ्यावर त्या एकच बोलायच्या, "पाझरत न्हाई म्हणून टाकलेलं मडकं द्या. माझ्या नातवाला लागतंय." रतनबाईंनी सात आणली, कुरडयांचं सगळं विसरून. दुपारपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांवर मडकीच मडकी. तीनशे अठ्ठेचाळीस! प्रत्येकावर विभूतीचे पट्टे.

दोन दिवसांत माती भरली, चुना दिला. काल तीन वाजता बाहेर चव्वेचाळीस होतं. मी खोलीत थर्मामीटर बघितला. तेहतीस. मी ह्यांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना वर बोलावलं. तासाभरात गल्ली लोटली. माणसं जिन्यात चपला काढून वर यायची, हात उंचावून आमच्या बुटक्या छताला तळहात लावून बघायची. तापलेलं नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड कसं व्हायचं! एक म्हातारे गृहस्थ छताला हात लावून तसेच उभे राहिले, नमस्कारच करून गेले. मडक्यांना! लाईट नाही, पाणी नाही, मशीन नाही. उकिरड्यावरची माती.

आणि बंडी. मी ह्यांच्या जुन्या धोतराची शिवली. मनूला ओली घातली तर तो दचकला, मग हसला. खिडकीतून वारं आलं आणि त्यानं अंग शहारून "अजून!" म्हटलं. काल बाराच्या सुमाराला मी खाली दुकानामागं भाकऱ्या करत होते तर डोक्यावर धपधप ऐकू आलं. मी घाबरून वर पळाले. मनू पळत होता. मामा, भर दुपारी, मे महिन्यात, माझं लेकरू ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत होतं. चार वर्षांत मी त्याला दुपारी पळताना पाहिलं नव्हतं.

पण कावेरीवहिनी येणारच आहे. फोनवर म्हणाली, "मडकी ठीक आहेत गं, पण पुढं शाळा, लग्न, आयुष्य. असली मुलं जगतात का मोठी होऊन? कुणी पाहिलंय?" मी तुमचं सांगितलं. ती म्हणाली, "तो पत्रातला मामा. पत्रात कुणी काहीही लिहितं." सासूबाई आता माझ्या बाजूनं आहेत, पण दिलेला शब्द त्यांना तोडवत नाही.

तुम्ही मात्र येऊ नका. ऊन फार आहे. तुम्ही लिहिलंत तेवढं पुष्कळ झालं.

रुद्राणी


धारूर
१५ मे ९८

चि. रुद्राणीस.

सतराला रविवारी सकाळच्या यष्टीनं येतोय. जिन्याखाली दोन बादल्या भरून ठेव. लाडू-बिडू करू नको, चावता येत न्हाई.

शिवलिंग


परळी
२६ मे १९९८

ती. मामांना रुद्राणीचे शरणार्थ.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं बंकटभाऊंनी सांगितलं. येताना घाटात तुमची बस बंद पडली होती हेही त्यांनीच सांगितलं, तुम्ही बोलला नाहीत.

तुम्हाला आमच्या दारातलं नीट आठवत नसेल म्हणून लिहिते. साडेबाराला तुम्ही रिक्षातून उतरलात. सदरा कोरडा ठक्क, चेहरा लालबुंद, डोळे कुठंतरी लागलेले. बंडी भिजवायला आणलेलं पाणी घाटातच संपलं होतं. "रुद्रे, बादली," म्हणालात आणि पायरीवर बसलात. मी तुमचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. असलं अंग मी फक्त मनूचं पाहिलं होतं. दोन्ही बादल्या तुमच्यावर ओतल्या, सासूबाईंनी दोरीवरचं लुगडं भिजवून तुमच्या डोक्याला गुंडाळली. तुमची टोपी पडली, ती उचलायचं कुणाला सुचलं नाही.

कावेरीवहिनी जिन्यात उभी होती. ती तुमच्या डोक्याकडं, तोंडाकडं बघत होती, मग वर खिडकीत उभ्या मनूकडं.

वर खोलीत तुम्हाला टेकवलं. अर्ध्या तासानं तुम्ही डोळे उघडून छताकडं बघितलंत आणि पहिलं काय म्हणालात? "तीन वाजता किती भरतं?" ह्यांना हसूच फुटलं. मग मनू आला. ओली बंडी घातलेला. तुमचा सदरा वर केला, आत तसलीच बंडी! त्यानं ती चिमटीत धरून बघितली. मग तुमच्या तोंडात बोट घालून दात मोजले. दोनच उरलेत तुमचे. स्वतःचे मोजले. म्हणाला, "आज्जा, माझे जास्त हायेत." तुम्ही म्हणालात, "जास्तच हायेत. तू माझ्याहून पुढं जाशील." कावेरीवहिनी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली.

तुम्ही गेल्यावर तिनं चार दिवस मुक्काम वाढवला. तिची मलमलची साडी फाडून मनूला सहा बंड्या शिवल्या, दुहेरी, लवकर वाळू नयेत म्हणून. जाताना मला म्हणाली, "थंड हवा मी दिली असती गं. पण त्याला त्याच्यासारखं माणूस मी कुठून दिलं असतं?" मनूचं अर्धं तिकीट तिनं त्यालाच खेळायला दिलं. त्याची त्यानं होडी केली आणि बादलीत बुडवली. सासूबाई म्हणतात, शब्द घेणाऱ्यानंच सोडला, आता माझ्यावर काही न्हाई.

तुम्ही आल्यावर माझ्या लग्नातलं घड्याळ उघडून तेल घालून दिलंत. मी त्याच्याकडं सहा वर्षं रागानंच बघत होते. माझं लग्न चौदा मेचं होतं, मुहूर्त बारा वाजून सत्तावीस मिनिटांचा. तेव्हा मंडपात एक बादली पाणी मागून मिळत नव्हतं, दोनशे माणसांची धावाधाव होती, आणि तुमचं तुम्हालाही माहीत नव्हतं की तुम्हाला काय आहे. परवा तुमचा हात हातात धरला तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तुम्ही निघाला असतात तर पोचला नसतात. आणि आज मनूला दाखवायला ह्या जगात माझ्याकडं कुणी नसतं.

मामा, बरं झालं तुम्ही माझ्या लग्नाला आला नाहीत.

तुमची
रुद्राणी